आधी स्क्रू, मग भोक

माझ्या बाबांनी काउंटरचा कोन आयुष्यात कधी मोजला नाही. ते नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये विणाई खात्यात फिटर होते. भोकाच्या तोंडाला काउंटर, म्हणजे स्क्रूचं डोकं बुडेल असा उतार, मारून झाला की खिशातून स्क्रू काढत आणि उलटा करून त्याचं डोकं त्या तोंडावर टेकवत. डोक्याचा काठ आणि भोकाचा काठ जुळला की स्क्रू सुलटा करून पेचकसानं आवळत आणि वरून अंगठा फिरवत. अंगठ्याला काही लागलं नाही की काम झालं. "डोकं बुडालं पायजे, बस," एवढंच त्यांचं माप होतं.

मी त्यांची मुलगी, पण माझं काम कागदावरचं. १९८६ साली आयटीआयमधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकलचा ट्रेड पूर्ण केला आणि हिंगण्याच्या एमआयडीसीत ट्रेसर म्हणून लागले. पुढे तिथे आणि आणखी दोन कारखान्यांत मिळून चौतीस वर्षं नकाशे काढले. पहिली सात वर्षं बोर्डावर, नंतरची संगणकावर. आता सकाळी दोन तास मुलांना कॅड, म्हणजे संगणकावरचं आरेखन, शिकवते.

हे काउंटरचं भोक तसं साधंच. वर रुंद, आत निमुळतं होत जाणारं, स्क्रूचं डोकं पोटात घेणारं. पुस्तकात त्याला काउंटरसंक होल म्हणतात, कारखान्याच्या कागदांवर सीएसके, आणि मिस्त्री लोक नुसतं 'काउंटर'. या भोकाचं माप ठरवण्याची जागा आमच्या गावात दीडशे वर्षांत दोनदा हलली. आधी ते मिस्त्रीच्या हातात होतं. तिथून नकाशावरच्या एका टिपेत आलं. आता संगणकातल्या मॉडेलच्या कोष्टकात जाऊन बसलं आहे. पहिली जागा मी घरात पाहिली, दुसरीवर नोकरी केली आणि तिसरी वयाच्या पस्तिशीत शिकले. म्हणून हे लिहायला बसले.

नागपूरला रेल्वे आली १८६७ साली. लोहार, सुतार इथे पूर्वीपासून होतेच. लोहाराकडे ऐरण, भाता, छिन्नी होती, आणि सुताराकडे भोक पाडायला दोरीनं फिरवायचा सामता. पण एकाच मापाची शंभर भोकं आणि त्यांत कुठेही बसतील असे एकसारखे शंभर स्क्रू, ही मागणी गावकामात कधी नव्हती. ती रेल्वेनं आणि गिरणीनं आणली. मोतीबागेत नॅरो गेज रेल्वेचं जे संग्रहालय २००२ साली उघडलं, तिथे मी मुलांना दरवर्षी घेऊन जाते. मुलं इंजिनावरच्या गोल डोक्यांच्या रिबिटांचे फोटो काढतात. मी त्यांना न दिसणाऱ्या रिबिटांबद्दल सांगते. जुन्या लोखंडकामात एका प्लेटीवर दुसरा भाग चिकटून बसणार असेल, तर तिथे गोल डोकं चालत नसे. भोकाच्या तोंडाला काउंटर मारत, लाल तापलेली रिबीट ठोकत, धातू त्या निमुळत्या तोंडात पसरून बसे, आणि वर उरलेला भाग छिन्नीनं तासून सपाट करत. वरून रंग दिला की तिथे जोड आहे हेही कळत नसे.

एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ रोजी. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं तोच दिवस, म्हणून गिरणीचं नाव एम्प्रेस. जमशेटजी टाटांनी जुम्मा तलावाजवळच्या दलदलीच्या जागेत भराव घालून ती उभी केली. बाबा तिथे लागले तेव्हा गिरणीची शंभरी जवळ आली होती. ते सांगत, की विणाईत काउंटरला जीव लावावा लागतो. धोटा ज्या लाकडी फळीवरून धावतो, तिच्यावर ताण्याचे धागे असतात, आणि धोटा त्यांच्यावरून मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे जातो. ती फळी धरून ठेवणारा एखादा स्क्रू केसभर जरी वर राहिला, तरी धागा तुटतो, धोट्याचं अंग खरवडतं, माग थांबतो आणि विणकराची मजुरी बुडते. स्क्रू फार खोल गेला तर खळग्यात कापसाचे तंतू साचतात आणि तिथेच धागा अडकतो. वरही नको आणि खोलही नको. बाबांच्या अंगठ्यानं हे दोन्ही ओळखलं जाई. ती गिरणी २००२ साली कायमची बंद झाली, आणि आज त्या जागेवर मॉल आहे.

शेतातही हेच भोक आहे, याकडे फार कुणाचं लक्ष जात नाही. लोखंडी नांगराचा फाळ ज्या बोल्टांनी बसवतात त्यांची डोकी बुडती असतात. आमच्या विदर्भाची काळी माती ओली असताना कशालाही चिकटते, मग वर आलेल्या डोक्याभोवती तिचा गोळा धरायला वेळ लागत नाही, आणि नांगर जड होतो. महाराष्ट्रात लोखंडी नांगर घरोघरी नेणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकवत होते. किर्लोस्करवाडी त्यांनी १९१० साली वसवली. एक ड्रॉइंगचा मास्तर नांगराकडे वळला, ही गोष्ट मला माझ्या धंद्याच्या दृष्टीनं फार मोठी वाटते. मातीत काय घडतं ते कागदावर आणता येतं, हे त्या माणसानं दाखवून दिलं.

त्या काळचं माप सुतात असे. इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटरचं. मेट्रिकचा कायदा १९५६ साली झाला, पण इतवारीच्या लोहा ओळीत आजही म्हातारा मिस्त्री "तीन सुताचा बोल्ट द्या" म्हणतो आणि दुकानदार न विचारता बरोबर बोल्ट काढून देतो. सुतात लांबी, जाडी, व्यास सगळं सांगता येतं. कोन मात्र सांगता येत नाही. त्यामुळे काउंटरचा कोन कुणी बोलत नसे. तो कटरमध्ये असे, आणि कटर बाजारातून जसा आला तसा. तोही नसला तर मोठ्या ड्रिलची धार ग्राइंडरवर बदलून घेत. ड्रिलचं टोक मुळात ११८ अंशांचं असतं. ते घासून नव्वदच्या आसपास आणणं हे चांगल्या फिटरचं काम, आणि बाबा ते नजरेनं करत.

नागपुरात आरेखन हा वेगळा धंदा म्हणून शिकवायला सुरुवात झाली ती १९१४ च्या सरकारी अभियांत्रिकी शाळेपासून. तीच आजची गव्हर्नमेंट पॉलिटेक्निक. १९६० साली प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, त्याला पुढे विश्वेश्वरय्यांचं नाव मिळालं आणि आता त्यालाच व्हीएनआयटी म्हणतात. साठच्या दशकातच हिंगण्याची एमआयडीसी उभी राहू लागली आणि १९६६ साली अंबाझरीला ऑर्डनन्स फॅक्टरी आली. कारखाने वाढले तसे नकाशे काढणारे लागले. ज्यानं भोक पाडायचं तो आणि ज्यानं त्याचं माप ठरवायचं तो, ही दोन माणसं आता वेगवेगळ्या खोल्यांत बसू लागली.

मी दुसऱ्या खोलीत होते. ट्रेसिंग पेपर, रोट्रिंगची पेनं, मिनी ड्राफ्टर, आणि बाजूच्या खोलीतून डोळ्यांना झोंबणारा अमोनिया प्रिंटचा वास. सीएसके होल वरून काढायचं तर एकात एक दोन वर्तुळं. छेद काढायचा तर दोन उभ्या रेषा आणि वरच्या टोकाला बाहेर झुकलेल्या दोन तिरप्या. त्या तिरप्या रेषा आम्ही पंचेचाळीसच्या गुण्यानं ओढत असू. दोन्हीकडून पंचेचाळीस, म्हणजे मधला कोन नव्वद. कोणी मुद्दाम नव्वद ठरवत नसे. हाताशी गुण्या पंचेचाळीसचा होता म्हणून नव्वद यायचे.

हे सांगायचं कारण, जगात काउंटर एका कोनाचा नाही. मेट्रिक स्क्रूंचा कोन नव्वद. अमेरिकेतल्या इंची स्क्रूंचा ब्याऐंशी. विमानाच्या कामात शंभर. ब्याऐंशीचा काउंटर काढायचा तर दर बाजूला एक्केचाळीस अंश घ्यावे लागतात, आणि त्यासाठी कोनमापक उचलावा लागतो. कागदावर एक्केचाळीस आणि पंचेचाळीस यांत डोळ्याला फरक दिसत नाही. पेनच्या रेषेच्या जाडीत तो मिटून जातो.

तरीही सगळं निभावून जाई, कारण आमच्या नकाशांवर एक टीप असे: 'सीएसके टू सूट एम ६ स्क्रू'. म्हणजे एम ६ या मेट्रिक मापाच्या स्क्रूला बसेल असा काउंटर मारा. शिकत असताना ही टीप मला आळसाची वाटायची. आज वाटतं, त्या टिपेत फार शहाणपण होतं. नकाशा मिस्त्रीला म्हणत होता, की तू आधी स्क्रू बघ आणि मग ठरव. बाबांचा उलटा स्क्रू त्या शब्दांत जिवंत होता.

ती टीप सुटली आणि आम्ही फसलो, ते १९९४ साली. कारखान्याचं नाव लिहीत नाही. वर्षभर आधी आमच्याकडे ऑटोकॅड आलं होतं, डॉसवर चालणारं. एका परदेशी यंत्राच्या झाकणाची प्लेट आम्हाला नमुन्यावरून पुन्हा बनवायची होती. साठ नग. मी व्हर्नियरनं नमुना मोजला. काउंटरचा वरचा व्यास १३.५, खालचं भोक ७ मिलिमीटर. कोन मोजला नाही. सात वर्षांच्या सवयीनं पंचेचाळीसच्या रेषा ओढल्या. संगणकावर सगळं आकड्यांत असायला हवं अशी तेव्हाची आमची समजूत, म्हणून टीप काढून टाकली आणि तिच्या जागी स्पष्ट लिहिलं: नव्वद अंश, १३.५ व्यास.

मिस्त्रीनं नकाशाप्रमाणे तंतोतंत काम केलं. गिऱ्हाइकाचे स्क्रू इंची, ब्याऐंशीचे. ते बसवले तर प्रत्येक डोकं प्लेटीच्या वर जवळजवळ अर्धा मिलिमीटर राहिलं. त्या झाकणावरून एक सरकणारा भाग जात होता, तो अडायला लागला.

मी एक प्लेट आणि एक स्क्रू घरी आणले. कागदावर गणित करत बसले होते. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. म्हणाले, "काय मोजून राह्यली? निळा लावून पाय." स्क्रूच्या निमुळत्या अंगाला त्यांनी मार्किंगचा निळा रंग बोटानं पातळसा फासला, स्क्रू भोकात ठेवून थोडा फिरवला आणि काढला. निळं कडं फक्त खालच्या काठाला उमटलं होतं. वरचा सगळा उतार कोरा. स्क्रू खाली टेकला होता आणि वर सगळीकडे मोकळा होता. मग माझं गणितही जुळलं. ७ पासून १३.५ पर्यंत रुंद व्हायला नव्वदच्या काउंटरला ३.२५ मिलिमीटर खोली लागते, ब्याऐंशीच्या डोक्याला ३.७४. फरक ०.४९. तोच अर्धा मिलिमीटर.

प्लेटी आम्ही वाचवल्या, काउंटर आणखी अर्धा मिलिमीटर खोल नेऊन. पण नव्वदच्या काउंटरमध्ये जितकं खोल जावं त्याच्या दुप्पट व्यास वाढतो. तोंड १४.५ झालं, आणि प्रत्येक डोक्याभोवती एक रिकामं वळं दिसत राहिलं. गिऱ्हाईक काही बोललं नाही. मला मात्र ती साठ वळी अजून दिसतात.

त्या काळच्या कॅडचा खरा दोष त्या वर्षात माझ्या लक्षात आला. ऑटोकॅड १९८२ पासूनचं, आणि त्यानं बोर्डावरचे आमचे पुष्कळ कष्ट वाचवले, हे मी मान्य करते. पण त्याच्या लेखी भोक म्हणजे दोन वर्तुळं आणि चार रेषा. त्या वर्तुळांचा त्या रेषांशी काही संबंध आहे, किंवा दोघांचा एखाद्या स्क्रूशी, हे त्याला ठाऊक नव्हतं. एम ६ चा एम ८ केला की वरच्या दृश्यातली वर्तुळं बदलायची, छेदातल्या रेषा बदलायच्या, टीप बदलायची, यादीतला स्क्रू बदलायचा. यातलं एक राहिलं की तेच भोक दोन दृश्यांत दोन मापांचं.

हा संबंध यंत्राला शिकवता येईल, हे फार आधी एका माणसानं दाखवलं होतं. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँडनं स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. त्यात पडद्यावर प्रकाशपेनानं रेषा काढून सांगता येई, की या दोन समांतर राहू देत, या दोन सारख्या लांबीच्या. एक हलवली की दुसरी आपोआप जुळून येई. पण ही कल्पना कारखान्यापर्यंत पोचायला पंचवीस वर्षं गेली. लेनिनग्राडहून अमेरिकेत गेलेल्या सॅम्युएल गाइसबर्ग या गणितज्ञानं १९८५ मध्ये कंपनी काढली आणि १९८८ मध्ये प्रो-इंजिनिअर बाजारात आणलं. यात वस्तू रेषांची राहिली नाही. ती पायऱ्यांची झाली: आधी ठोकळा, मग त्यात भोक, मग काठाची गोलाई. प्रत्येक पायरीचं माप नावानिशी जपून ठेवलेलं. माप बदला, पुढच्या सगळ्या पायऱ्या नव्यानं बांधल्या जातात. यालाच पॅरामेट्रिक म्हणतात. १९९५ साली सॉलिडवर्क्स आलं, साध्या विंडोजच्या संगणकावर चालणारं, आणि त्यामुळे हे तंत्र हिंगण्यासारख्या ठिकाणी परवडू लागलं.

मी ते शिकले २००२ मध्ये, कारखान्याच्या खर्चानं, सीताबर्डीतल्या एका वर्गात. मास्तर माझ्याहून बारा वर्षांनी लहान. त्यानं भोकाची आज्ञा उघडून दाखवली आणि मी खुर्चीत सरळ बसले. आज्ञेनं माझ्याकडे व्यास मागितला नाही. कोनही मागितला नाही. तिनं आधी विचारलं, मानक कोणतं. मग, स्क्रू कोणता. मग, बसणूक सैल की घट्ट. ही उत्तरं दिली की भोकाचा व्यास, तोंडाचा व्यास आणि कोन तिनं स्वतः भरले. एम ६ म्हटल्यावर भोक ६.६, कोन नव्वद. इंची म्हटल्यावर ब्याऐंशी. ही बाबांचीच रीत होती. आधी स्क्रू आण, मग भोक पाड. मधल्या काळात आम्ही नकाशेवाल्यांनी स्क्रू बाजूला ठेवून नुसता आकडा हातात धरला होता, तो या आज्ञेनं पुन्हा स्क्रूला बांधला.

बाबांना हे मी घरी येऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग तो संगणक निळा लावते का?" प्रश्न अगदी योग्य होता. नाही लावत. कोष्टकातला स्क्रू आणि लोहा ओळीतून आलेला स्क्रू एकच आहे की नाही, हे त्याला कळत नाही. आणि सॉफ्टवेअर नवं बसवलं की मानकाच्या खिडकीत जे आधीपासून निवडलेलं असतं ते अनेकदा अमेरिकी इंची असतं. घाईत तसंच पुढे गेलं की १९९४ पुन्हा घडतं.

काउंटर मॉडेलमध्ये आणायच्या तीन वाटा मी मुलांना दाखवते. एक म्हणजे अर्धा छेद रेखाटून तो मध्यरेषेभोवती फिरवून कापायचा. यात कोन डोळ्यांसमोर राहतो, म्हणून पहिल्या आठवड्यात मी हेच करून घेते. दुसरी वाट, साधं भोक पाडून त्याच्या काठाला चॅम्फर द्यायचा. मुलांना ही सोपी वाटते, आणि मला आवडत नाही. चॅम्फर म्हणजे काठ मोडणं. तिथे स्क्रू बसणार आहे हे त्या पायरीत कुठेच लिहिलेलं नसतं. दोन वर्षांनी दुसरा कोणी मॉडेल उघडेल, त्याला वाटेल की हा नुसता धार मोडायचा चॅम्फर आहे, आणि तो कमी करून टाकेल. तिसरी वाट भोकाच्या आज्ञेची. तिथे 'एम ६, बुडत्या डोक्याचा' हे कारण मापासकट साठवलं जातं. कामाच्या मॉडेलमध्ये मी तिसरीच मागते.

कारण हरवलं की काय होतं, हे दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून मॉडेल आणताना रोज दिसतं. स्टेप फाइल आली की तिच्यात पायऱ्या नसतात, नुसते पृष्ठभाग असतात. भोक म्हणजे एक दंडगोल आणि त्याच्यावर एक कापलेला शंकू. तो एम ६ साठी होता की पाव इंचासाठी, कुणास ठाऊक. हे दु:ख ओळखून आपल्या इथल्याच, मुंबई-पुण्याच्या जिओमेट्रिक कंपनीनं फीचरवर्क्स बनवलं. सॉलिडवर्क्सच्या आत बसून मुक्या ठोकळ्यातली भोकं, चॅम्फर, गोलाया ओळखून त्यांच्या पुन्हा पायऱ्या करून देणारं. जगभरच्या ड्राफ्ट्समननी ते वापरलं आणि त्यातल्या फार थोड्यांना ते कुठे तयार झालं हे माहीत असेल. मराठी मुलखातल्या कॅडचा इतिहास कोणी लिहायला घेतला, तर त्यात हे पान सुटता कामा नये.

विमानाचं काम नागपुरात येईल असं आमच्या पिढीला वाटलं नव्हतं. पण इथल्या मिहान प्रकल्पात टाटांच्या कंपनीनं बोइंग ७८७ च्या फरशीखालच्या, संमिश्र साहित्याच्या तुळया बनवल्या. २७ ऑक्टोबर २०१७ रोजी तिथेच दसॉ आणि रिलायन्सच्या कारखान्याची पायाभरणी झाली, फाल्कन २००० विमानाच्या भागांसाठी. दसॉ हीच कंपनी, जिच्या विमानांच्या गरजेतून १९७७ मध्ये कॅटिया हे सॉफ्टवेअर जन्मलं. माझा एक विद्यार्थी विमानाच्या सुट्या भागांच्या कामावर लागला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला, "मॅडम, इथे सगळे काउंटर शंभरचे."

शंभर का, याचं उत्तर पत्र्याच्या जाडीत आहे. १२ व्यासाचं डोकं आणि ६.६ चं भोक धरलं, तर ब्याऐंशीला ३.१ मिलिमीटर खोली लागते, नव्वदला २.७ आणि शंभरला २.२७. कोन जितका पसरट, तितकं डोकं उथळ. विमानाचं कातडं पातळ असतं, तिथे मिलिमीटरच्या दहाव्या भागालाही किंमत आहे. पत्रा काउंटरच्या खोलीपेक्षा पातळ असेल तर शंकू आरपार जातो, दंडगोल उरतच नाही, आणि भोकाचा खालचा काठ ब्लेडसारखा होतो. तो काठ कंपनानं चिरतो. अशा ठिकाणी काउंटर कापायचाच नसतो. पत्रा दाबून त्याला खळगा पाडतात आणि डोकं त्यात बसवतात. पॅरामेट्रिक मॉडेलमध्ये प्लेटीची जाडी कमी केली तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर तक्रार न करता आरपार शंकू काढून मोकळं होतं. म्हणून जाडी आणि काउंटरची खोली यांच्यात समीकरण बांधून ठेवावं, निदान जाडी कमी पडली की मॉडेल अडेल असं.

वक्र पृष्ठभाग हा दुसरा फसवा भाग. पाइपावर किंवा गोल आवरणावर काउंटर मारला की तोंड गोल राहत नाही, एका दिशेनं लांबतं. मध्यावर बुडालेलं डोकं दोन बाजूंना वर दिसतं. खोली कुठून धरायची ते ड्राफ्ट्समननं ठरवायचं असतं, आज्ञा ठरवत नाही. आणि पावडर कोटिंग विसरायचं नाही. रंगाचा थर शंकूच्या उतारावरही चढतो, आणि कोरड्या प्लेटीत बुडालेलं डोकं रंगवलेल्या प्लेटीत वर येतं.

माझ्या वर्गात आता फ्रीकॅड चालतं, कारण ते फुकट आहे आणि माझ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी परवान्याचे पैसे नाहीत. २००२ पासून ते जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलं. त्यात बरीच वर्षं एक दुखणं होतं: मागची एखादी पायरी बदलली की पृष्ठभागांचे अंतर्गत क्रमांक बदलत आणि वरच्या बाजूला पाडलेलं भोक भलत्याच बाजूला जाऊन बसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० आवृत्ती आली आणि ते दुखणं पुष्कळ कमी झालं. मला त्यातली एक सोय सगळ्यांत मोलाची वाटते. काउंटरच्या मापांचं आपलं स्वतःचं कोष्टक एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहून त्याला देता येतं.

मग आम्ही काय केलं, मुलांना लोहा ओळीत पाठवलं. प्रत्येकानं वेगळ्या दुकानातून बुडत्या डोक्याचे एम ५, एम ६, एम ८ चे पाच-पाच स्क्रू आणले. व्हर्नियरनं डोक्याचे व्यास घेतले, निळा लावून कोन तपासले. काही स्क्रूंची डोकी कोष्टकातल्या मापापेक्षा लहान निघाली, काहींच्या काठाला धार होती तर काहींचा काठ बोथट. ती मापं आम्ही आमच्या कोष्टकात भरली. आता मुलं भोकाची आज्ञा उघडतात तेव्हा जर्मन किंवा अमेरिकी मानकांच्या खाली इतवारीचंही नाव दिसतं. निळा रंग कसा फासायचा हे मी त्यांना बाबांसारखंच, बोटानं दाखवते. बाबा हे पाहायला राहिले नाहीत.

जे कोणी आज हिंगण्यात, बुटीबोरीत, मिहानमध्ये किंवा महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्यात पडद्यासमोर बसून भोकं पाडत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. काउंटरच्या टिपेत नुसता व्यास लिहून थांबू नका. स्क्रूचं मानक लिहा, कोन लिहा, प्लेटीवर रंग चढणार असेल तर तेही लिहा. आणि पहिला नग तयार झाला की शॉपमध्ये खाली उतरा, खरा स्क्रू घेऊन त्यात बसवा, वरून अंगठा फिरवा, आणि मगच बाकीचे नग पाडायला सांगा.